मुक्या जनावरांच्या डिकिनबाई

आपल्या मंडळात जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांचे गुणगान आपण दरसाल करतो, आणि ते करावेच. या वेळी स्मरणिकेसाठी मी जरा दूरच्या एका बाईंचे चरित्र निवडले आहे. या बाई लंडन शहरच्या. नाव मारिया एलिझाबेथ डिकिन. त्या कोणा राजघराण्यातल्या नव्हत्या की शिकलेल्या डॉक्टरही नव्हत्या. घरसंसार सांभाळणाऱ्या बाई. पण वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांनी एका तळघरात गोरगरिबांच्या आजारी जनावरांसाठी फुकट दवाखाना घातला आणि पुढे त्याची केवढी तरी मोठी संस्था झाली.

मारियाबाईंचा जन्म २२ सप्टेंबर १८७० रोजी लंडनच्या हॅकनी भागात झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक, वेस्लियन पंथाचे. आठ भावंडांत या थोरल्या. थोरली मुलगी असणे म्हणजे काय, ते आपल्यापैकी पुष्कळजणींना सांगायला नको. मोठेपणी त्या स्वस्थ बसल्या नाहीत. भल्या घरच्या मुलीने कमाई करावी हे त्या काळी तिकडेही लोकांना फारसे रुचत नसे. तरी त्यांनी विंपोल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक वर्ग काढला. आवाज कसा लावावा, शब्द स्वच्छ कसे उच्चारावेत, हे त्या तिथे शिकवीत. पुढे संस्थेसाठी मदत मागताना हे शिक्षण त्यांच्या उपयोगी पडले असेल, असे मला वाटते. चारचौघांत उभे राहून वर्गणी मागणे किती अवघड असते, ते मंडळाच्या कामामुळे आपल्याला ठाऊक आहेच.

१८९९ साली त्यांचे लग्न झाले. यजमान आर्नल्ड फ्रान्सिस डिकिन हे हिशेबनीस होते आणि नात्याने त्यांचे सख्खे चुलत भाऊ. आपल्याकडे असले लग्न चालत नाही, त्यांच्यात चालते. त्यामुळे बाईंचे माहेरचे आणि सासरचे आडनाव एकच राहिले. बिऱ्हाड हॅम्पस्टेडला, चांगल्या वस्तीत. मूलबाळ झाले नाही. घर नीटनेटके ठेवावे, आल्यागेल्याचे करावे, आणि उरलेल्या वेळात शहराच्या पूर्वेकडच्या गरीब वस्तीत जाऊन लोकांची विचारपूस करावी, असा त्यांचा क्रम होता. सुखवस्तू घरच्या पुष्कळ बायका तिकडे तसे करीत. डिकिनबाईंचे वेगळेपण असे, की तिथे जे दिसले ते त्यांना घरी आल्यावर विसरता येईना.

लंडनचा तो पूर्व भाग म्हणजे दाटीवाटीची, काळोखी वस्ती. गोदीवरचे मजूर, हमाल, शिवणकाम करणाऱ्या बायका, भाजीपाला विकणारे फेरीवाले. एकेका खोलीत अख्खे कुटुंब. अशा ठिकाणी माणसांचेच हाल, तर जनावरांना कोण विचारतो? गटारात अन्न हुडकणारी कुत्री-मांजरे बाईंना दिसत. लुतीने कातडी सोलून निघालेली, रक्त येणारी. कोणाचा पाय मोडून तसाच वाकडा जुळलेला. मागच्या अंगणात खोक्यांत कोंबलेले ससे, आखडून बांधलेल्या शेळ्या. आणि गाडी ओढणारी गाढवे नि घोडी, साजाने घासून खांद्यांना जखमा झालेली, त्या चिघळलेल्या, आणि त्याच जखमेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा साज चढायचा. त्यातून १९१४ साली लढाई सुरू झाली. सरकारने धट्टीकट्टी घोडी पलटणीसाठी नेली. मागे राहिली त्यांचे काय असेल ते समजावे.

पाहणारा कोणीही म्हणेल, की हे लोक किती निर्दय! डिकिनबाईंना मात्र ते तसे वाटले नाही, आणि मला त्यांचे हेच सर्वांत पटते. त्या घराघरांत जात होत्या. त्यांनी पाहिले, की मांजर कण्हत असले तर घरची म्हातारी डोळ्यांतून पाणी काढते, पण करणार काय? जनावरांच्या डॉक्टरची फी तिच्या आठवड्याच्या खर्चाएवढी. ते डॉक्टरही बहुतेक घोड्या-गुरांचे, नाहीतर श्रीमंतांच्या कुत्र्यांचे. मग लोक कोणीतरी सांगितलेले औषध लावीत. कधी रॉकेल, कधी आणखी काही, त्याने जखम जास्तच बिघडे. फेरीवाल्याला माहीत असे, की गाढव लंगडते आहे. पण त्याला एक दिवस विश्रांती दिली तर घरी चूल पेटत नाही. जनावरांना क्रूरपणे वागवणाऱ्यांवर खटले भरणारी संस्था तिकडे १८२४ पासून होती आणि तिचे काम चांगलेच होते. तरी दंड करून गाढवाचा खांदा बरा होत नाही, आणि दंडाचे पैसे त्याच घरातून जातात. या लोकांना औषधपाणी मिळाले तर ते आपण होऊन जनावर घेऊन येतील, असे बाईंनी मनाशी धरले.

पण जागा हवी होती. व्हाइटचॅपल भागातल्या एका धर्मोपदेशकांनी आपले तळघर वापरायला दिले. १७ नोव्हेंबर १९१७, शनिवार, त्या दिवशी दवाखाना उघडला. बाहेर पाटी लावली. तिचा मथितार्थ असा, की आजारी जनावरे इथे आणावीत, त्यांना कुढत ठेवू नये, सर्व प्रकारची जनावरे पाहिली जातील आणि पैसा पडणार नाही. संस्थेचे नाव ठेवले ते गरिबांच्या आजारी जनावरांचा लोकांचा दवाखाना, अशा अर्थाचे. इंग्रजी अक्षरांवरून तिला पीडीएसए म्हणतात. गरिबांचा हा शब्द नावातच होता, हे ध्यानात घ्यावे.

लढाई चालू असताना, घरोघरी मुलगे मेल्याच्या तारा येत असताना, कुत्र्यामांजरांचा दवाखाना! आपल्या आळीत कोणी असे काही काढले तर पहिला प्रश्न हाच येईल, की आधी माणसांचे बघा. प्रश्न खोटा नाही. पण त्या वस्तीत जनावर आणि माणूस वेगळे काढताच येत नव्हते. फेरीवाल्याचे गाढव बसले की त्याची कमाई बसली. शेळी मेली की पोरांचे दूध गेले. एकट्या म्हाताऱ्या बाईला तर मांजर हीच सोबत. उत्तर पाहायचे झाले तर ते तळघराच्या दारातच होते. लोक टोपल्यांत, पेट्यांत, शालीत गुंडाळून, हातगाडीवर घालून जनावरे आणू लागले. थोड्याच दिवसांत तळघर अपुरे पडले आणि मोठी जागा पाहावी लागली. ज्यांना निर्दय म्हणत होते तेच हे लोक, कामाचा खाडा करून पाळीत उभे राहत होते.

एका जागी दवाखाना असून भागत नाही, हे बाईंच्या लवकरच लक्षात आले. आजारी घोडे चार मैल चालवून आणायचे कसे? तेव्हा त्यांनी फिरता दवाखाना काढला. तिकडे भटक्या लोकांच्या राहायच्या घोडागाड्या असतात, चाकांवरचे घरच ते. तशी एक गाडी घेऊन तिच्यात औषधांची कपाटे बसवली. तिची आखणी बाईंनी स्वतः केली. ज्या बाईने स्वयंपाकघराची मांडामांड केली आहे तिला थोड्या जागेत सारे कसे बसवावे ते शिकवावे लागत नाही! पहिला दवाखाना निघाल्यापासून सहा वर्षांच्या आत ही गाडी गावोगाव फिरू लागली. मग तशा अनेक झाल्या, पुढे मोटारीही आल्या. इलफर्ड येथे जनावरांना ठेवून घेऊन उपचार करण्याचे मोठे रुग्णालय झाले. तिथे कामाची माणसे तयार होऊ लागली. इंग्लंडबाहेर मोरोक्को, इजिप्त अशा देशांतही संस्थेने काम काढले. तिथली ओझ्याची गाढवे लंडनच्या गाढवांपेक्षा सुखी होती असे नाही. १९२९ साली सरकारने बाईंना ओबीई हा किताब दिला.

सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. जनावरांच्या पदवीधर डॉक्टरांचा संस्थेला मोठा विरोध होता. त्यांचे म्हणणे असे, की डिकिनबाई डॉक्टर नाहीत, त्यांची माणसे डॉक्टर नाहीत, मग यांनी जनावरांना हात लावावाच का? चुकीचा उपचार झाला तर ते मुके जनावर सांगणार कोणाला? शिवाय फुकट औषध मिळाले तर डॉक्टरांनी खायचे काय? शेवटचे कारण सोडून देऊ, पण आधीचे अगदीच टाकाऊ नव्हते. आपण आपल्या मुलाला बिनशिकलेल्या माणसाकडे नेऊ का? नाही नेणार. बाईंची बाजू अशी, की हे लोक तुमच्याकडे येऊच शकत नाहीत. आमच्याकडे नाही आले तर ते कोणाकडेच जाणार नाहीत.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. डिकिनबाईंनी १९१७ साली जनावरांची डॉक्टर व्हायचे ठरवले असते तरी त्यांना होता आले नसते. ब्रिटनमध्ये ती सनद तेव्हा बायकांना देतच नसत. एलीन कस्ट नावाच्या बाई सारा अभ्यास करून कित्येक वर्षे काम करीत होत्या, त्यांनाही सनद मिळाली ती १९२२ साली. सनद मिळवणाऱ्या त्या तिकडच्या पहिल्या. तेव्हा दार बंद ठेवायचे आणि मग दाराबाहेर का उभ्या आहात म्हणून विचारायचे, असा तो प्रकार. हा वाद पुष्कळ वर्षे चालला. १९४८ साली तिकडे कायदा झाला आणि बिनसनदी माणसांच्या उपचारांना आळा बसला. त्यातही या संस्थेच्या कामाला वाट ठेवली होती. पुढे मात्र संस्थेने सनदी डॉक्टरच नेमले, आणि आज तिच्या रुग्णालयांत तेच काम करतात. दोन्ही बाजूंचे जे खरे होते ते असे शेवटी एका जागी आले.

आणखी एका बाबतीत आपल्या भगिनींच्या मनात किंतु येईल. माझ्याही आला. ज्या जनावराला बरे होण्याची आशा नाही त्याला संस्थेचे लोक वेदना न होता मरण देत. आपल्याकडे पांजरपोळाची रीत आहे. लंगडे असो, आंधळे असो, त्याला चारापाणी घालायचे आणि त्याचे मरण त्याच्या वेळेला येऊ द्यायचे. डिकिनबाईंचा विचार निराळा होता. तळमळत ठेवणे हीच त्यांना हिंसा वाटे. कोणाचे बरोबर, हे मला ठरवता येत नाही. पाठीचा कणा मोडलेले कुत्रे रस्त्याच्या कडेला दोन दोन दिवस ओरडताना ऐकले, की त्यांचे पटते. पण तो हात कोणी चालवायचा, असे मनात आले की पुन्हा अडखळायला होते.

हा प्रसंग त्यांच्या संस्थेवर एकदा फार भयंकर रीतीने आला. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. आता बाँब पडणार, रेशन होणार, मुले खेड्यांत पाठवायची, आश्रयाच्या जागी जनावरे नेता येणार नाहीत, असे सगळीकडे झाले. लोक घाबरले. आपले कुत्रे, आपले मांजर उपाशी तरी मरेल नाहीतर बाँबने, त्यापेक्षा आधीच संपवावे म्हणून लोकांनी जनावरांच्या दवाखान्यांपुढे रांगा लावल्या. थोड्या दिवसांत एकट्या लंडनमध्ये लाखो धडधाकट जनावरे अशी मारली गेली. घाई करू नका, असे संस्थांनी सांगितले, पण भीतीपुढे कोण ऐकतो! ज्या दवाखान्यांत जनावरांना जगवायचे, तिथल्याच माणसांना हे करावे लागले. पुरायला जागा पुरेना, तेव्हा इलफर्डच्या रुग्णालयालगतचे कुरण त्यासाठी द्यावे लागले. त्या दिवसांचे दुःख आपली माणसे कधी विसरणार नाहीत, असे डिकिनबाईंनी लिहून ठेवले आहे. तेव्हा त्यांचे वय जवळजवळ ६९ होते. बाईंचे मन त्या रांगा पाहून काय झाले असेल!

आणि मग पुढच्या वर्षी खरोखरच बाँब पडू लागले. घरे कोसळली की आधी माणसे काढीत. त्यामागून संस्थेची पथके ढिगाऱ्यांत जनावरे शोधीत. जाळी, टोपल्या, दोर घेऊन ही माणसे पडक्या जिन्यांवर चढत. एका पथकप्रमुखाची ब्यूटी नावाची कुत्री होती, केसाळ टेरिअर जातीची. ती नुसती सोबतीला जायची. एके दिवशी ती आपण होऊन ढिगारा उकरू लागली. माणसांनी उकरून पाहिले तो आत टेबलाखाली एक मांजर जिवंत! त्यानंतर ब्यूटीने ६३ जनावरे हुडकून दिली. साऱ्या पथकांनी मिळून लढाईत अडीच लाखांवर जनावरे वाचवली, असा संस्थेचा हिशेब आहे. ज्यांनी घर, कपडे, भांडी सारे गमावले त्यांच्या हातात त्यांचे मांजर जिवंत परत दिले, तर त्या घरच्या मुलांना काय वाटले असेल, ते आईलाच कळेल.

१९४३ साली बाईंनी लढाईत शौर्य गाजवणाऱ्या जनावरांसाठी एक पदक सुरू केले. त्यांच्याच नावाने ते डिकिन पदक म्हणून ओळखले जाते. काशाचे पदक, त्यावर हीही सेवा करतात अशा अर्थाचे शब्द, आणि हिरवी, तपकिरी, फिकट निळी अशी फीत. पाणी, जमीन आणि आकाश यांचे हे रंग. पहिली पदके २ डिसेंबर १९४३ रोजी तीन कबुतरांना मिळाली. त्यांपैकी विंकी नावाच्या कबुतरीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये एक लढाऊ विमान उत्तर समुद्रात कोसळले. आत चार माणसे. थंडीचे दिवस, आपण कुठे पडलो ते कळवायची सोय नाही. विमानात पेटीत ही कबुतरी होती. पिसांना तेल लागलेले, अशा स्थितीत ती सुमारे १२० मैल उडून स्कॉटलंडमधल्या आपल्या खुराड्यात पोहोचली. तिच्याजवळ चिठ्ठी नव्हती. पण विमान पडल्याची वेळ, ती पोहोचल्याची वेळ, वाऱ्याची दिशा आणि पिसांवरचे तेल यांचा हिशेब करून लोकांनी जागा काढली आणि चौघेही वाचले.

१९४९ पर्यंत अशी ५४ पदके दिली. ३२ कबुतरे, १८ कुत्री, ३ घोडे आणि १ मांजर. ब्यूटीलाही १९४५ साली पदक मिळाले. मांजराचे नाव सायमन. चीनच्या यांगत्से नदीत अडकून पडलेल्या इंग्रज लढाऊ जहाजावरचा तो बोका. १९४९ च्या एप्रिलमध्ये तोफगोळ्याच्या मारात तो भाजला, जखमी झाला, तरी उठून जहाजावरचे उंदीर मारीत राहिला आणि खलाशांचा शिधा त्याने वाचवला. घरी परतल्यावर त्याला नियमाप्रमाणे विलगवासात ठेवले होते, तिथेच तो नोव्हेंबरमध्ये मेला. पदक मागाहून दिले. इलफर्डच्या आवारात जनावरांची स्मशानभूमी आहे, तिथे सायमन आणि ब्यूटी दोघांचीही थडगी आहेत.

मुलांसाठीही त्यांनी १९३४ साली एक मंडळ काढले होते. त्याचे नाव कामसू मधमाशा अशा अर्थाचे. मुलांनी जनावरांशी कसे वागावे ते शिकायचे आणि दवाखान्यासाठी थोडे थोडे गोळा करायचे. मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या एनिड ब्लायटनबाई पुढे या मंडळाच्या राणी मधमाशी झाल्या. त्यांची पुस्तके आपल्या मुलांच्या हातात पुष्कळदा दिसतात, पण हे काम फार थोड्यांना ठाऊक असते.

१९४८ साली डिकिनबाईंना सीबीई हा वरचा किताब मिळाला. १९५० साली त्यांनी आपल्या कामाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. १ मार्च १९५१ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, फ्लू होऊन न्यूमोनिया झाला आणि लंडनमध्ये त्या वारल्या. २०१५ साली हॅकनीत त्यांच्या जन्मघरावर त्यांच्या नावाची निळी गोल पाटी लावली आहे. थोरामोठ्यांच्या घरांवर तिकडे अशा पाट्या लावतात. संस्थेची आज ब्रिटनमध्ये चाळिसांवर रुग्णालये आहेत. तिथे जनावर आणणाऱ्याला पुष्कळ वर्षे आधी आपल्या मिळकतीचा कागद दाखवावा लागे. मिळकत कमी असली तरच त्याच्या जनावराला तिथे घेत. कोणाला थोडे पैसे भरावे लागत, तर कोणाला काहीच नाही.